शेपटीला मिशा

प्रिय शेंडेफळ,

तुझं पत्र येऊन आज चौतीस दिवस झाले. इतके दिवस उत्तर नाही म्हणून तू रागावली असशील, आणि रागावली नसशील तर मला त्याचंच जास्त वाईट वाटेल. आळस नव्हता गं. आळस करायलाही थोडा निवांतपणा लागतो, तो कुठून आणू? रोज दुपारी दुकानात भिंगांच्या कडा घासून झाल्या की कागद पुढे ओढत होते आणि ‘प्रिय’ लिहून थांबत होते. आज शेवटी मालकच म्हणाले की बाई, तासभर गिऱ्हाईक दिसत नाही, तुमचं ते प्रिय एकदाचं पुढे सरकवा. म्हणून चष्म्यांच्या फ्रेमांमध्ये कोपर टेकवून लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तर डोळे तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतेस असं समज आणि अंदाजाने पुढे जा. फोनवर बोलता आलं असतं, पण घरून फोन केला की आई शेजारी असते आणि त्यात एक अडचण आहे. ती पुढे येईलच.

तू विचारलंस एकच, पण ते विचारायला तीन पानं घेतलीस. आई आता मला ओळखत नाही, फोनवर माझं तोंड बघून ‘आपण कोण’ म्हणाली, मग मी येऊन काय करू? पुढच्या पंधरा तारखेपासून तीन आठवडे सुट्टी आहे, तिकीट मिळेल, पण मला बघून ती बावरणार असेल तर न आलेलंच बरं. ताई, तू सांगशील तसं करते. वा, छान. म्हणजे आलीस तर माझ्यामुळे आणि नाही आलीस तरी माझ्यामुळे. लहानपणी खाऊचा शेवटचा तुकडा समोर ठेवून तू असंच विचारायचीस, आणि मी ‘खा’ म्हणायची वाट बघायचीस. डॉक्टरांना मी परवा विचारलं की अजून किती दिवस ती बोलेल, ओळखेल. ते म्हणाले, वर्षभराने शब्द राहतील याची खात्री देता येत नाही. म्हणजे तुझी पुढची सुट्टी येईपर्यंत काय शिल्लक असेल ते सांगता येत नाही. एवढं डोक्यात ठेव आणि मग पुढचं वाच.

उत्तर देणार आहे, पण आधी बारकीचं, आईच्या त्या इवल्या फुलपाखराचं, सांगते. तूच शेवटच्या ओळीत विचारलं होतंस की खिडकीत ती निळी फुलपाखरं अजून येतात का. येतात. आणि त्यांचं सांगितल्याशिवाय मला बाकीचं धड सांगता येणार नाही. तुला यातलं पुष्कळ ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, कारण सध्या आपल्या घरात कुणाला काय ठाऊक आहे याचा भरवसा राहिलेला नाही.

आई संग्रहालयाच्या कीटक विभागात एकतीस वर्षं होती. वाळलेली फुलपाखरं ओलसर करून त्यांचे पंख पसरायचे, टाचणीला लावायचं, काही तुटलं असेल तर डिंकाच्या थेंबाने जोडायचं आणि खाली खसखशीएवढ्या अक्षरात चिठ्ठी लिहायची, हे तिचं काम. घरी आली की तिच्या कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा आणि आपण दोघी नाक धरून दार उघडायचो. नोकरीला लागल्या लागल्याच तिने तो प्रसिद्ध घोळ घातला. एका जुन्या पेटीतून एक बारकी तिच्याकडे दुरुस्तीला आली. अंगठ्याच्या नखाएवढी, पंख मिटलेली, डोकं केव्हाच गळून हरवलेलं, आणि दोन मिशा पेटीच्या तळाशी सुट्या पडलेल्या. पुस्तकात त्यांना स्पृशा का काय म्हणतात, आपल्या घरात त्या मिशाच. आईने पाहिलं की एका टोकाला काळाभोर डोळा आहे, त्याला नारिंगी कड आहे, पुढे केसासारखे दोन धागे आहेत. हेच डोकं, असं म्हणून तिने तिथे मिशा चिकटवल्या. ती निघाली शेपटी. बारकीची लबाडीच ती. मागच्या पंखांच्या टोकाला खोटे डोळे आणि खोट्या मिशा, आणि बसली की मागचे पंख एकमेकांवर असे हळूहळू घासते की पक्ष्याला वाटावं डोकं इकडेच आहे. पक्षी तिकडे चोच मारतो, पंखाचा तुकडा जातो, बारकी उलट्या दिशेने पसार होते. युक्ती पक्ष्यांसाठी केलेली आणि फसली आपली आई. अकरा वर्षं ते फुलपाखरू मोठ्या दालनात काचेखाली शेपटीला मिशा लावून बसलं होतं. साहेब आले नि गेले, शाळांच्या सहली आल्या नि गेल्या, कुणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते तुझ्या. तू सहा वर्षांची होतीस, मी चौदाची. शनिवारी शाळा सुटल्यावर मी आईच्या मदतीला जायचे आणि दालनातल्या काचा पुसायचे, त्या दिवशी तू शेपटासारखी मागे लागून आली होतीस. तू टाचा उंच करून काचेवर बोट ठेवलंस आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलंस की याचे पाय इकडे आहेत, तर मिशा तिकडे कशा? आई धावत आली. बघितलं, आणि तोंडावर हात ठेवून जी हसत सुटली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तुला कडेवर घेतलं, साहेबांच्या खोलीत नेऊन दाखवलं, स्वतःची चूक सांगून टाकली. नंतर त्या पेटीत तिने नवी चिठ्ठी लावली: डोके गहाळ, मिशा चुकीच्या टोकाला लावल्या होत्या, कळवले धाकट्या मुलीने. तेव्हापासून आपल्याकडे कुणी साखर समजून मीठ टाकलं, कुणी भलत्याच्याच पाठीवर थाप मारली, की झालं, लावल्या शेपटीला मिशा. तुला हे सगळं आठवत असेल. तुला एक मात्र आठवत नसणार, कारण तू कडेवर होतीस आणि मी खाली होते. आईने माझ्याकडे वळून, अगदी हसत हसत, विचारलं की तू दोन वर्षं ही काच पुसते आहेस ना गं? आणि म्हणाली, बघायला डोळे लागतात, नुसतं फडकं असून चालत नाही. तिच्या मनात काही नव्हतं. मी आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांसाठी भिंगं घासत बसले ती काही त्या वाक्यामुळे नाही, पण ते वाक्य गेलंही नाही.

असो. तर तुझं पत्र आलं त्याच दिवशी अंडं आलं. आईची खुर्ची आता कायम खिडकीशी असते आणि खिडकीत वाटाण्याच्या वेलाच्या तीन कुंड्या. वेल खायचा म्हणून लावलेला नाही, बारकीसाठी लावलाय, हे आई येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. स्वतःचं वय सांगता येत नाही, पण हे बरोबर सांगते. मी तुझं पाकीट फोडत होते तर ती खिडकीकडे हात करून म्हणाली, बघ, घातलं. एक तपकिरी बारकी कळीवर बसून पोटाचं टोक वाकवून उडून गेली होती. मी दुकानातलं डोळ्याला लावायचं भिंग आणलं. कळीच्या देठाशी, टाचणीच्या डोक्याहूनही लहान, चपटी, फिकट हिरवट पांढरी गुंडी, तिच्यावर जाळीचं बारीक नक्षीकाम. इतक्या लहान वस्तूवर इतकं काम कुणी कशाला केलं असेल, असं मनात आलं. मग वाटलं, आपल्याला काय, आपण तर गिऱ्हाइकाच्या नाकापलीकडे कधी बघत नाही.

माझा दिवस कसा जातो ते तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते. पावणेदोन वर्षं झाली मी माझी खोली सोडून इथे राहायला आले त्याला. सहाला उठायचं, चादर बदलायची, बहुतेक रोजच. तिला आंघोळ घालायची, त्यात पाणी गरम म्हणून एकदा आणि गार म्हणून एकदा शिव्या खायच्या. नऊला सांभाळणाऱ्या मावशी येतात, मग मी दुकान. साडेचारला मावशी चपला घालूनच दारात उभ्या असतात. मग कपडे, औषधं, भरवणं, आणि तेच तेच प्रश्न. नाकी नऊ येतात. कधी कधी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून नुसती बसते. मी रडत नाही, नुसती बसते. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. दर महिन्याला तू पैसे पाठवतेस, मावशी त्यावरच आहेत, मी ते विसरलेले नाही. फक्त मी थकले आहे आणि हे वाक्य लिहायला मला छप्पन्न वर्षं लागली.

पाचव्या दिवशी अंड्याला भोक पडलं. अळी डोळ्यांना दिसलीच नाही, कळीला पडलेलं बारीक छिद्र तेवढं दिसलं. आई म्हणाली, आत गेली, आता फूल खाईल, मग शेंगेत जाईल. तसंच झालं. तिला सकाळ की संध्याकाळ ते कळत नाही, पण अळी कधी कुठे असेल ते तिला मुखपाठ. तेराव्या दिवशी तिने मला शेंग उघडायला लावली. नखाने अलगद उघडली तर आत ती, दाण्यांच्या रंगाचीच हिरवी, चपटी, गोगलगायीसारखी, तोंड अंगाखाली दडवलेलं. मागे तिचाच सगळा केर. आणि शेंगेच्या भोकाशी मुंग्यांची ये-जा. अळीच्या पाठीवर एक जागा असते, मुंगीने तिथे मिशांनी चुचकारलं की गोड थेंब येतो. मुंगी होऊन साखर खावी म्हणतात ते हेच असेल. साखरेच्या बदल्यात त्या तिची राखण करतात. मावशींनी मुंग्या बघितल्या आणि मुंग्यांची पावडर आणायला निघाल्या, तर आई खुर्चीतून अर्धी उठली आणि कडाडली की खबरदार, त्या तिच्या माणसं आहेत. मावशींना तिने दिलेला तो पहिलाच हुकूम. व्याकरण चुकलं होतं, पण मावशी जागच्या जागी थांबल्या.

आता ती अडचण. आठ महिन्यांपूर्वी आईने तोंड मिटून घेतलं. चमचा ओठांशी नेला की मान फिरवायची. चार दिवस पाण्याखेरीज काही नाही. थोरलीच्या हातचं नको, म्हणायची, ती घाई करते. खरंच होतं ते, करतच होते मी घाई. पाचव्या दिवशी माझे कपडे वाळले नव्हते म्हणून कपाटातला तुझा जुना हिरवा स्वेटर चढवला, तू शेवटची आलीस तेव्हा विसरून गेलेला. सुपाची वाटी घेऊन खोलीत गेले. आईने वर बघितलं आणि तिचा चेहरा असा फुलला की मी मागे वळून पाहिलं, कुणी आलंय का म्हणून. ती म्हणाली, आलीस? शेंडेफळ, किती दिवसांनी गं. आणि सगळी वाटी संपवली. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं. पण वाटी रिकामी झाली होती गं. दुसऱ्या दिवशी मी तो स्वेटर मुद्दाम घातला. तेव्हापासून रोज घालते. कोपरं विरली आहेत, ऐन उन्हाळ्यात घामाच्या धारा लागायच्या, तरी घालते. आठ महिने झाले, शेंडेफळ, त्या घरात मी तू आहे.

याच्यात गंमत नाही असं नाही. ती तुझ्याजवळ माझी चहाडी करते. थोरली मीठ कमी घालते, थोरली दारं आपटते, थोरलीच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिला काही सांगू नकोस. मी म्हणते, हो ना, आहेच ती तशी. एकदा विचारलं की थोरली वाईट आहे का गं मनाने? तर म्हणाली, नाही, कामाची आहे. आणि तू जे काही नाहीस ते सगळं तिने तुला केलंय. तुला पोहायला येतं, तू कधी उलटून बोलली नाहीस, तू दर रविवारी येतेस. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. मला पहिले काही दिवस तुझा इतका राग आला की तुझ्या स्वेटरच्या बाहीला मी नाक पुसलं. आता ते सांगून टाकलं, बरं वाटलं.

त्या फोनचं सांगते. तू समोर पडद्यावर होतीस, केस कापलेली, हसत होतीस. आईने तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग माझा हात घट्ट धरला आणि अगदी परक्या माणसाशी बोलावं तशी तुला म्हणाली, आपण कोण? तुझा चेहरा पडला. तुला वाटलं, ती तुला विसरली. विसरली नव्हती गं. तिची शेंडेफळ तिच्या शेजारीच बसली होती, हिरव्या स्वेटरमध्ये. मग ही फोनमधली बाई कोण, असा तिला साधा प्रश्न पडला. मला तेव्हाच तोंड उघडून सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. मी तुझी समजूत घातली की आजारच तसा आहे, मनाला लावून घेऊ नकोस. नंतर फोनही कमी केले, वेळ नसतो म्हणून सांगितलं. वेळ नसतो हे खरं आहे, पण कारण ते नव्हतं. तिने माझा हात धरला होता. एवढं घट्ट तिने मला कधी धरलेलं मला तरी आठवत नाही. ते तुझ्या नावावर होतं हे कळत असूनही मला सोडवलं नाही. याबद्दल तू मला काय म्हणायचं ते म्हण, मी ऐकून घेईन.

एकविसाव्या दिवशी अळी शेंगेतून निघाली, कुंडीच्या कडेने चालत एका वाळक्या गुंडाळलेल्या पानात शिरली आणि कमरेला रेशमाचा एक धागा बांधून घेऊन स्वस्थ झाली. दोन दिवसांनी तिथे खाकी रंगाचा, काळे ठिपके असलेला दाणा होता, डाळीच्या दाण्याहून थोडा मोठा. आई रोज विचारायची, हलली का? मी सांगायचे, नाही. आई म्हणायची, हलू नकोसच म्हणावं. शेवटच्या दिवशी त्या दाण्याच्या आतून पंखांचा रंग काळपट दिसायला लागला. आई मला म्हणाली, उद्या सकाळी कुठे जाऊ नकोस. उद्या रविवार होता, म्हणजे कालचा.

काल साडेआठला ती बाहेर आली. आधी दाणा फाटला, मग पाय, मग ओलं, चुरगळलेलं काहीतरी, फडकं पिळून ठेवल्यासारखं. वेलावर चढून लटकली. सोंडेचे दोन वेगळे धागे होते, ते तिने तोंडाशी खालीवर करून जोडून एक केले. पंख हळूहळू भरत गेले. खालून वाळूच्या रंगाचे, त्यावर पांढऱ्या नागमोडी रेषा, टोकाशी ते दोन काळे डोळे, नारिंगी कडेचे, आणि दोन धाग्यांच्या शेपट्या. थोड्या वेळाने पंख उघडले तर वरून तपकिरी, फक्त अंगाजवळ निळा शिडकावा. मादी होती. मी म्हटलं, अरेरे, निळी नाही निघाली. आई म्हणाली, निळा नर नुसता मिरवतो, परत येऊन कळीवर बसते ती हीच. मी माझं बोट पुढे केलं तर ती चढली. तिचं वजन लागतच नाही. मी बोट आईच्या डोळ्यांजवळ नेलं. ती इतकी शांत होती, शेंडेफळ, कित्येक महिन्यांत मी तिला तसं बघितलं नव्हतं. आणि मग ती मला, म्हणजे तुला, म्हणाली, थोरलीला बोलाव. तिला दाखव. तिला मी कधी नीट दाखवलंच नाही. तिला नुसती काच पुसायला लावली.

मला काय सुचलं कोण जाणे. बारकीला मी वेलावर ठेवलं, म्हटलं, आणते हं बोलावून, आणि खोलीबाहेरच्या बोळात गेले. स्वेटर काढून खुंटीला लावला. माझा दुकानात जायचा शर्ट घातला, चष्मा लावला, केस माझ्यासारखे मागे बांधले. दारावर टकटक केली, आत गेले आणि म्हटलं, आई, बोलावलंस मला? आईने माझ्याकडे बघितलं. मांडीवरची शाल नीट केली, बाहेरची बाई आल्यावर करतात तशी. आणि हळू आवाजात म्हणाली, बाई, जरा बेताने या, फुलपाखरू ताजं आहे. माझी थोरली येते आहे, ते स्टूल तेवढं तिच्यासाठी मोकळं ठेवा. काखेत कळसा नि गावाला वळसा, लहानपणी आपण खिदळत म्हणायचो. मला हसू आलं नाही. मी स्टुलाजवळ उभी राहिले. मी बसले नाही, जागा राखली. आई दाराकडे बघत राहिली, मी आईकडे. बारकीने दोन-तीनदा पंख उघडमीट केले आणि खिडकीतून गेली. आई म्हणाली, तिला नेहमीच उशीर होतो, दुकान असतं ना तिचं. मग मी बाहेर गेले, स्वेटर घातला आणि आत येऊन सांगितलं की थोरली कामात आहे, तिने सांगितलंय, पुढची अळी नक्की बघेन. आईने माझा हात थोपटला आणि म्हणाली, सांभाळून घे गं तिला.

तर आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पंधरा तारखेला ये. मला हातभार हवा आहे, पण त्यासाठी बोलवत नाही, तेवढं मी ओढते आहे तशी ओढेन. तिची अवस्था बघायला ये असंही म्हणत नाही. ती तुला ओळखते, रोज ओळखते, दिवसातून दहादा तुझं नाव घेते, फक्त ते माझ्याकडे बघून घेते. आईने पुन्हा शेपटीला मिशा लावल्या आहेत, आणि ज्या टोकाला लावल्या त्या टोकाने स्वतः कसं सांगायचं? मी सांगून बघितलं, तुला कळलंच. मागच्या वेळी अकरा वर्षं कुणालाच दिसलं नव्हतं आणि तू टाचा उंच करून बोट ठेवलं होतंस. तसंच एकदा ये. स्वेटर धुऊन वाळत घातलाय, तो तुझा तू घाल आणि खिडकीपाशी तिच्यासमोर बस. मी दार वाजवून आत येईन, दुकानातल्या शर्टात, चष्म्यासकट. तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून तिला सांग की आई, ही बघ, ही थोरली. ती मानेल असं नाही. नाही मानली तरी चालेल, तू आपलं एकदा सांग. वेलाला नव्या कळ्या आल्या आहेत आणि स्टूल मी अजून तिथेच ठेवलंय.

तुझीच, आणि या कागदावर तरी मीच,
ताई